पर्क, कढत चहा आणि रात्रपाळी

गल्लीच्या तोंडाशी ड्रायक्लीनिंगचं एक जुनं दुकान होतं. त्याच्या मालकाला सगळी गल्ली 'डागदर' म्हणायची. हे नाव ठेवलं त्याच्याकडे इस्त्री करणाऱ्या मावशींनी, आणि काही कौतुकानं ठेवलं नाही. एकदा कुणाच्या लग्नाच्या कोटावरचा डाग बघायला हा माणूस भिंग घेऊन इतका वेळ वाकला, की मावशी इस्त्री उभी करून म्हणाल्या, "नाडी पण बघा डागदर. जिवंत आहे की गेला ते तरी कळेल."

गिऱ्हाईक हसलं आणि नाव चिकटलं. चिकटलेलं काढण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्याकडून ते काही निघालं नाही.

डागदर साठीच्या पुढचा. उंच, मानेपासून पुढे झुकलेला, वाचायला घेतलेलं पुस्तक अर्धवट मिटावं तसा. दुकानात शिरलं की डावीकडे डाग काढायचं टेबल, उजवीकडे मावशींची इस्त्री, आणि मागच्या भिंतीला टेकून मशीन, गोल काचेच्या दाराचं, माणूस मावेल एवढ्या पोटाचं. त्यात पाणी नसायचं. पर्क असायचं. पर्क म्हणजे पाण्यासारखं दिसणारं, पाण्याहून जड, गोडसर उग्र वासाचं औषध. ते तेलकटपणा ओढून घेतं आणि कापड आटू देत नाही. मशीनच्या बाजूनं एक लाकडी जिना वर जायचा. वर दोन खोल्या. तिथे डागदर राहायचा, एकटा.

बायको काही वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेली, भाजी निवडता निवडता. तेव्हापासून त्याचा दिवस दुकानात बरा जायचा. गिऱ्हाइकं यायची, मावशींचं तोंड चालू असायचं. संध्याकाळी मावशींचा मुलगा त्यांना न्यायला यायचा, शटर खाली यायचं, आणि मग जिन्यावर त्याच्या एकट्याच्या चपला वाजायच्या. वर गेल्यावर तो पातेल्यातूनच जेवायचा, उभ्यानं. ताट घेतलं की घासावं लागतं, असं तो मावशींना सांगायचा. खरं म्हणजे ताट घेतलं की समोर बसावं लागतं, आणि समोर भिंत होती.

चहा मात्र तो कढत प्यायचा. असा की बघणाऱ्याची जीभ भाजावी.

"निवू द्या की जरा," मावशी म्हणायच्या.

"चहा निवायला मधे बोलायला कुणीतरी लागतं, मावशी."

"मी काय मेलेय का?"

"तुम्ही बोलता. मला कुठे बोलू देता?"

कामात त्याची एक पद्धत होती. कपडा आला की डागाशेजारी एक चिठ्ठी टाचायची. डाग कशाचा आहे हे पक्कं कळलं असेल तर लाल. बहुतेक कळलं असेल तर पिवळी. असेल बुवा, असं वाटलं तर पांढरी. काहीच सांगता येत नसेल तर चिठ्ठीच नाही. नवी गिऱ्हाइकं लाल चिठ्ठी बघून घाबरायची. "लाल लावलीत, म्हणजे कोट गेला का?" मग डागदरला समजवावं लागायचं, की कोट नाही गेला, उलट निदान झालंय.

एके दिवशी मुलीचा फोन आला. मुलगी दुसऱ्या शहरात नर्स होती. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात पाच वर्षांची पोर. त्या पोरीला सगळे ठिणगी म्हणायचे, आणि तिला एकदा भेटलेला माणूस का म्हणतात ते विचारायचा नाही.

"बाबा, तुमच्याकडच्या हॉस्पिटलात बदली मिळतेय."

"मग घे की."

"आधी ऐका. क्वार्टर नाही. आम्ही दोघी तुमच्याकडे राहिलो तर चालेल का? थोडे दिवस नाही, कायमच्या."

डागदरनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"बाबा? आहात ना?"

"आहे. चालेल का म्हणून विचारतेस? परक्यासारखी?"

"तसं नाही. तुमच्या सवयी झाल्या असतील आता."

"झाल्यात ना. पातेल्यात जेवायच्या. त्या काय, मोडतील."

फोन ठेवून तो खाली आला आणि मावशींना म्हणाला, "लेक येतेय. राहायला." मावशींनी इस्त्री खाली ठेवली नाही, पण एका शर्टाची एकच बाही त्या बराच वेळ दाबत राहिल्या.

खोली तयार करायला डागदरनं मनापासून सुरुवात केली, आणि घोटाळा तिथेच झाला. दुसऱ्या कुणी खोली झाडली असती, चादरी धुतल्या असत्या. पण ड्रायक्लीनिंगवाल्याच्या लेखी पाण्यात धुणं म्हणजे अर्धवट काम. त्यानं पडदे काढले, मशीनमध्ये घातले. बायकोनं हौसेनं घेतलेली जाड दुलई घातली. उशांचे अभ्रे, सतरंजी, ठिणगीसाठी आणलेलं कापडी अस्वलसुद्धा घातलं. दुलईचा कापूस गोळा होऊ नये म्हणून सुकवणी थोडी आधीच थांबवली. मग प्रत्येक वस्तू लगेच प्लास्टिकात बांधली, कारण बाहेर रस्ता खणला होता आणि वाऱ्याबरोबर धूळ आत यायची. दोघी यायच्या सकाळी त्यानं प्लास्टिक फाडलं, पडदे टांगले, दुलई पसरली, अस्वल उशीला टेकवलं आणि खिडक्या घट्ट लावून घेतल्या.

"मावशी, या बघायला."

मावशी जिना चढून आल्या, कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. "मंत्री उतरायचेत की काय?"

"कशी वाटते?"

"कोरी. दुकानातून आणल्यासारखी."

दोघांनीही छाती भरून श्वास घेतला. दोघांनाही कसलाच वास आला नाही.

मुलगी आली, बॅग खाली ठेवून खोलीत शिरली आणि तिनं नाकाला रुमाल लावला.

"बाबा, हा कसला वास?"

"कुठे काय?"

"डोळे चुरचुरतायत माझे."

"स्वच्छ केलंय सगळं. त्याचा असेल."

"आजोबा," ठिणगी म्हणाली, "तुझ्या घराला पेट्रोल पंपाचा वास येतो."

"पेट्रोल पंपावर असं अस्वल असतं का?" असं म्हणून त्यानं अस्वल तिच्या हातात दिलं. मुलीनं खिडक्या उघडल्या. तिला दुपारी हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं. प्रवासानं दमलेली ठिणगी दुलईत शिरली. "खिडक्या उघड्या ठेवा हं," असं दोनदा बजावून मुलगी गेली.

डागदर नातीजवळ बसला. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू येत होता. बाहेर खणणारं यंत्र सुरू झालं. धुळीचा लोट आत आला आणि पोरगी झोपेत खोकली. त्यानं उठून खिडक्या लावल्या. धुळीपासून तिला जपायला म्हणून लावल्या.

मुलगी परतली तेव्हा ठिणगी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. ओकलेली, डोळे लाल, मान एका बाजूला. "आई, खोली फिरतेय," म्हणाली. डागदर तिच्यासमोर पाण्याचा पेला धरून उभा होता.

मुलीनं बंद खिडक्यांकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. पोरीला उचललं आणि जिना उतरली. संध्याकाळपर्यंत पोरगी शुद्ध हवेत ठणठणीत झाली, पण त्या दोघी वर राहायला आल्या नाहीत. एका मैत्रिणीकडे उतरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला.

"ठिणगी कशी आहे?"

"बरी आहे. मैत्रिणीच्या मांजराला छळतेय."

"मग या ना आता. सगळं उघडं ठेवलंय."

"बाबा, तुम्ही मशीनमध्ये पर्क वापरता ना?"

"सगळेच वापरायचे."

"ते कॅन्सरच्या यादीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची संशोधन संस्था आहे, तिच्या यादीत. दोन-अ गटात. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी दाखवलं मला."

"मला काही झालंय का? इतकी वर्षं त्यात हात घालतोय."

"तुम्हाला काही झालं नाही, म्हणून मी माझ्या मुलीला तिथे झोपवू?"

फोन संपल्यावर त्यानं मावशींना मोबाइलवर ती यादी शोधायला लावली. मावशींनी चष्मा लावला, मोबाइल हातभर लांब धरला आणि वाचायला लागल्या.

"गट एक. माणसाला कॅन्सर करतं, हे पक्कं. गट दोन-अ. बहुतेक करतं. दोन-ब. करत असण्याची शक्यता. गट तीन. सांगता येत नाही."

"आपलं कुठे?"

"दोन-अ. दुसऱ्या नंबरात."

"म्हणजे पहिल्या नंबराचं विष नाही."

"असंच दिसतंय."

"आणखी कोण आहे आपल्या गटात?"

मावशींनी बोट सरकवलं. "तांबडं मांस. मग... हे बघा, फार गरम पेयं. पासष्ट अंशांच्या वरची." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे तुमचा चहा."

"काय सांगता."

"आणि रात्रपाळी."

"काय?"

"रात्रपाळी. रात्री काम करणं. इथे लिहिलंय. त्याच गटात."

डागदर खुर्चीत सरळ झाला. त्याच्या डोक्यात शाळेतले नंबर शिरले होते. पहिला गट म्हणजे वर्गातला अव्वल खुनी, दुसरा त्याच्या खालोखाल. आणि एका गटातले सगळे सारख्याच ताकदीचे. एका बाकावर चहा, रात्रपाळी आणि पर्क बसले असतील, तर मग एकट्या पर्कलाच वर्गाबाहेर का काढायचं? त्यानं पुन्हा फोन लावला. मावशी खुणेनं नको म्हणत होत्या.

"हॅलो, ऐक. तुझी ती यादी बघितली मी."

"बरं."

"मी चहा पितो ना कढत? तोही दोन-अ. पर्कच्या शेजारी बसलाय. घाबरतेस का चहाला?"

"बाबा..."

"आणि आणखी कोण बसलंय सांगू? रात्रपाळी. तू वर्षानुवर्षं करतेयस ना रात्रपाळ्या? मग माझं मशीन विषारी आणि तुझी नोकरी अमृत का?"

त्याला वाटलं, जिंकलो.

"मला माहीत आहे," मुलगी म्हणाली. "रात्रपाळी कुठल्या गटात आहे ते मला तोंडपाठ आहे. म्हणून तर बदली मागितली. इथे मला दिवसाचं काम मिळणार आहे, पण पहिले काही महिने नाही. तेवढ्या रात्री ठिणगीजवळ तुम्ही असाल, असं मी धरून चालले होते."

तिनं फोन ठेवला.

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. रात्री ठिणगीला सांभाळायला शेजारची एक बाई ठरवली. हे डागदरला मावशींकडून कळलं, कारण मावशी मुलीला फोन करायच्या. त्यानं केला तर ती उचलायची, "बरं आहे, जेवलात का," एवढं बोलायची आणि ठेवायची. एकाच गावात राहून ती आधीपेक्षा लांब गेली होती. दुसऱ्या शहरात होती तेव्हा निदान ती येईल असं वाटायचं.

मग त्यानं ठरवलं की आपण खरे आहोत हे लिहून आणायचं. कामगारांच्या आरोग्याची एक कचेरी होती. मागणी केली की त्यांची माणसं येऊन कारखान्यातली, दुकानातली हवा मोजायची. त्यानं अर्ज केला आणि एक बाई आली. तिशीची, केस बांधलेले, खांद्यावर पिशवी. तिनं कपड्याच्या बटणाएवढी दोन बिल्ल्यांसारखी उपकरणं काढली. एक मशीनजवळ टांगलं, एक वर, पलंगाच्या उशाशी.

"मॅडम, शिक्कामोर्तब लागेल मला. धोका नाही असं लिहिलेलं."

"आधी मोजू तर द्या, काका."

"मला यादी माहीत आहे. दोन-अ. चहाच्या बरोबरीनं." लहान मुलाची परीक्षा घ्यावी तसं त्यानं विचारलं, "तंबाखू कुठल्या गटात?"

"एक."

"दारू?"

"एक."

"ऊन?"

"तेही एक."

"ऊन?" डागदरनं दाराबाहेर पाहिलं. "मग तुम्ही छत्री न घेता कशा आलात?"

बाई हसली. "कारण कचेरीपासून इथवर चालत यायला मला पाच मिनिटं लागतात. दिवसभर शेतात राबत असते तर टोपी घातली असती. गट एक म्हणजे सगळ्यांत घातक असं नव्हे, काका. उन्हानं कॅन्सर होऊ शकतो याचा पुरावा पक्का आहे, एवढंच. किती उन्हानं, कुणाला, ते गट सांगत नाही."

"मग गट सांगतो तरी काय?"

बाई उत्तर देण्याआधी टेबलावरच्या कोटाकडे बघत होती. "या चिठ्ठ्या कसल्या?"

"ते आमचं आहे. लाल म्हणजे डाग कशाचा ते पक्कं कळलं. पिवळी म्हणजे बहुतेक. पांढरी म्हणजे असेल."

"म्हणजे मोठा डाग असला की लाल?"

"छे. टाचणीच्या डोक्याएवढा असला तरी लाल. डाग केवढा आहे, निघेल की कापड घेऊन जाईल, त्याचा चिठ्ठीशी काय संबंध? चिठ्ठी फक्त मला किती खात्री आहे ते..."

तो थांबला. हातातला ब्रश त्यानं टेबलावर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला. मावशींची इस्त्री वाफ सोडत होती, तेवढाच आवाज.

"चहा नि पर्क एका बाकावर आहेत," तो हळू म्हणाला, "म्हणजे दोघांबद्दलचा संशय सारखा."

"हो. दोघांविरुद्धच्या साक्षी साधारण तितक्याच भक्कम आहेत. शिक्षा सारखी असं नाही. आणि उद्या नवे पुरावे आले तर कुणी वरच्या बाकावर जाईल, कुणी खालच्या. कॉफी एके काळी दोन-ब मध्ये होती. आता तीनमध्ये आहे."

"मग धोका किती, ते कोण सांगणार?"

"किती, किती वेळ, किती जवळून. ते असं मोजावं लागतं." तिनं टांगलेल्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं.

"माझी नात एक दुपार वर झोपली होती. पाच वर्षांची."

बाईनं पुढे सगळं ऐकून घेतलं, दुलईपासून खिडक्यांपर्यंत. "ती गुंगी होती," ती म्हणाली. "त्या दुपारचं भय धरू नका, ती उतरली. पण रोज तिथे झोपणं ही वेगळी गोष्ट आहे."

आकडे आले तेव्हा ती स्वतः सांगायला आली. दुकानातलं प्रमाण कामगारांसाठीच्या मर्यादेच्या आत होतं. वरच्या खोलीतलं मात्र घराच्या मानानं खूपच जास्त होतं. पर्क जिन्यानं वर चढत होतं आणि दुलईमध्ये, पडद्यांमध्ये मुरून बसत होतं.

"पण दुकानात बरोबर आहे ना?" डागदरनं विचारलं.

"ती मर्यादा माणूस दिवसपाळी करून घरी जातो असं धरून ठरवलेली असते."

"मी कुठे जातो? मी वरच जातो."

बाईनं जिन्याकडे पाहिलं.

मशीन हलवायला चार माणसं आली. काढताना आणि उरलेलं पर्क रीतसर नेताना डागदर बाहेर रस्त्यावर उभा राहिला, घरातलं कुणी आजारी माणूस नेत असल्यासारखा. आता दुकानात पाण्यानं धुता येतील तेवढेच कपडे घ्यायचे ठरले. जुनी गिऱ्हाइकं कोट घेऊन येत आणि परत जात. दुलई, पडदे, सतरंजी, अस्वल, सगळं गच्चीवर टांगलं गेलं. वर खिडक्या दिवसरात्र उघड्या. धूळ आली तर आली.

पण वास गेला का, हे त्याला कळणार कसं?

"मावशी, येतोय का वास?"

मावशींनी उशी नाकाला लावली. "मला नाही येत."

"मलाही नाही."

"मला तेव्हाही येत नव्हता. तुमच्या मशीननं माझं नाक कधीच खाल्लं. हे म्हणजे एका आंधळ्यानं दुसऱ्या आंधळ्याला वाट विचारायची."

मग तो गिऱ्हाइकांना विचारायला लागला. शर्ट न्यायला आलेल्या एका शिक्षिकेला म्हणाला, "ताई, दोन मिनिटं वर येता का? एक उशी हुंगायची आहे." ती बाई शर्ट तिथेच टाकून निघून गेली. मावशींनी तिला गाठून सगळा खुलासा केला आणि परत येऊन डागदरला म्हणाल्या, "अब्रूची पण धुलाई सुरू केलीत का आता? तीही पाण्यात?"

तो हसला. संध्याकाळी शटर ओढल्यावर मात्र त्याला ते दुकान नुसतंच मोठं वाटलं. मशीन होतं तेव्हा निदान पंप गुरगुरायचा.

हवा मोजणारी बाई पुन्हा आली, बिल्ला टांगून गेली आणि मग एका सकाळी तिचा फोन आला. वरच्या खोलीतलं प्रमाण उतरलं होतं. खूप उतरलं होतं. "राहायला हरकत नाही असं मी म्हणेन," ती म्हणाली. "लहान मुलालासुद्धा. पण शून्य नाही, काका. भिंतीतून, लाकडातून अजून थोडं येतंय. ते हळूहळू जाईल."

डागदरनं लगेच मुलीला फोन लावला. ती रात्रपाळी करून घरी आली होती, आवाज जड होता.

"मशीन काढलं मी," तो म्हणाला.

"मावशी म्हणाल्या होत्या."

"हवा पण मोजून झाली पुन्हा."

"मग?"

"उतरलंय. राहायला हरकत नाही म्हणतात."

"म्हणजे आता अजिबात नाही?"

या प्रश्नाला एकच शब्द पुरला असता. 'नाही.' तो म्हटला असता तर दोघी आल्या असत्या, बॅगा घेऊन, त्याच दिवशीसुद्धा. कुणाला कळलंही नसतं. डागदरचं लक्ष मशीनच्या जागी फरशीवर उमटलेल्या फिकट चौकोनाकडे गेलं. शब्द तोंडात घोळवत तो उभा राहिला.

"थोडं आहे," तो म्हणाला. "शून्य नाही. भिंतीत मुरलंय म्हणे. कधी जाईल ते त्यांनाही पक्कं सांगता येत नाही."

तिच्या मागे कुठेतरी नळ वाहत होता आणि ठिणगी कुणाशी तरी भांडत होती, बहुधा बाहुलीशी.

"मग आम्ही नाही यायचं तिथे राहायला," मुलगी म्हणाली. "राग मानू नका. 'थोडं' म्हणजे किती, हे मला रोज तिच्याकडे बघून मोजत बसायचं नाही."

"नाही, राग कसला. बरोबर आहे तुझं."

"खरं सांगितलंत ते बरं केलंत."

"हं."

"बाबा."

"काय?"

"तुम्ही कुठे झोपता?"

"म्हणजे?"

"म्हणजे, तुम्ही कुठे झोपता? रात्री."

"वरच की. अजून कुठे?"

"त्याच खोलीत?"

"माझं काय, मी..." त्याला 'मला सवय आहे' असं म्हणायचं होतं. पण त्या सवयीनंच तर सगळं झालं होतं.

"इकडे एक खाट ठेवायला जागा आहे," मुलगी म्हणाली. आवाज ती नेहमी रुग्णांशी बोलते तसा कोरडा होता, आणि कुणाला फार जपायचं असलं की ती तसाच आवाज काढायची. "शेजारची बाई महिन्याअखेर गावी चाललीय. बघा जमतंय का. रात्रीपुरतं तरी."

"माझ्या कपड्यांना वास असेल."

"असेल. धुऊन घ्या. पाण्यात."

त्यानं स्वतःचे दोन शर्ट आणि एक पायजमा साबण लावून नळाखाली धुतले, हातानं. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. डागदरला कपडे पिळता येत नव्हते. बाह्या उलट्या पिळल्या जात होत्या. त्यांनी पुढे होऊन ते काम हातातून काढून घेतलं.

"कायमचे चाललात का?" त्यांनी विचारलं.

"दिवसा इथेच आहे."

"तेच विचारतेय. सकाळी दुकान उघडायला मी लवकर यायचं का?"

"मी येईन. उघडायला मीच येईन."

संध्याकाळी शटर लावून तो पिशवी घेऊन चालत गेला. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एकसारखी दारं होती, एकसारखा निळा रंग. त्यानं चुकीच्या दारावर थाप मारली, माफी मागितली, पुढचं दार वाजवलं. मुलगी गणवेशात होती, निघायच्या घाईत. तिनं बापाच्या हातातली पिशवी घेतली, ती सहज नाकाशी नेली, आणि तिचं तिलाच कळल्यावर पटकन खाली ठेवली. त्यानं बघितलं नाही असं दाखवलं.

"जेवण झाकून ठेवलंय. ती नऊच्या पुढे जागी राहिली तर गोष्ट सांगू नका, अजून जागते. येते मी."

दार लागलं. खोलीत ठिणगी आणि तो. ती पलंगावर पाय सोडून बसली होती आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत तपासत होती.

"आजोबा, जवळ ये."

तो गेला. तिनं त्याच्या शर्टाच्या बाहीला नाक लावलं. मग कॉलरला. मग डोळे मिटून, विचार करून, केसांना.

"येतो का?" त्यानं विचारलं.

"येतो."

"किती?"

"थोडा." तिनं बोटांची चिमूट करून दाखवली.

"मग कुठे बसू?"

ठिणगीनं खोलीभर नजर फिरवली. तिनं स्वतः उठून स्टूल ओढत खिडकीखाली नेलं, खिडकीची कडी काढायचा प्रयत्न केला, निघाली नाही, म्हणून त्याला हाक मारली. त्यानं कडी काढली. बाहेरून गार हवा आत आली.

"इथे बस," ती म्हणाली. "आणि बोल तिथूनच. मला ऐकू येतं."